ओपन सोर्सवर लोक स्वतःचा वेळ का घालवतात? जे करतात त्यांनी सांगा

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकतो. मी बॅकएंडवर (सर्व्हरच्या बाजूच्या कोडवर) काम करतो, रोजचं निम्मं काम ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला, वापरायला आणि बदलायला मोकळा असतो अशा सॉफ्टवेअरच्या जिवावर चालतं पण स्वतः त्यात कधी एक ओळ दिलेली नाही. परवा काय झालं, आमच्या प्रोजेक्टमधे सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची) वाचणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे, तिच्यात विचित्र बग सापडला, फाइलच्या शेवटी नवीन ओळ नसेल तर शेवटची नोंदच गायब, एरर नाही वॉर्निंग नाही, नुसती गुपचूप गायब. मी इश्यू (प्रकल्पाच्या पानावर बगची नोंद) टाकला, सोबत छोटीशी नमुना फाइल जोडली आणि धरूनच चाललो होतो की आता महिनाभर तरी कोणी ढुंकून बघणार नाही. सकाळी उठून बघतो तर मेंटेनरचं, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याचं उत्तर आलेलं, बग त्याच्याकडेही दिसला, कारण सापडलं, त्यावर टेस्ट लिहून झाली, दुरुस्ती मर्ज झाली (मूळ कोडमधे घेतली गेली), आणि वर मलाच थँक्स की फाइल जोडल्यामुळे शोधाशोध वाचली. प्रोफाइल उघडलं तर माणूस भलत्याच क्षेत्रातल्या कंपनीत पूर्णवेळ नोकरी करतो, या लायब्ररीचा त्याच्या नोकरीशी काडीचा संबंध नाही, देणगीचं बटणसुद्धा ठेवलेलं नाही.

मग हे लोक हे का करतात? ऑफिसात विचारलं तर एक जण म्हणाला रेझ्युमे, दुसरा म्हणाला हौस. रेझ्युमे म्हणावं तर ज्यांना नोकरीची अजिबात चिंता नाही असे लोकसुद्धा वर्षानुवर्षं करत असतात, आणि हौस म्हणावी तर अनोळखी माणसाच्या फाइलीतला बग रात्री जागून शोधण्यात कसली हौस. जे खरंच करतात त्यांच्याकडून ऐकायचंय. सुरुवात कशामुळे झाली आणि अजून का टिकून आहात, दोन्ही सांगा. मलाही सुरू करावंसं वाटतंय, पण आधी हे समजून घ्यायचंय.

कर्नलकाका

दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेस हे फार बरं केलंस, कारण बहुतेक चर्चांमधे ते एकात एक मिसळतात आणि मग उत्तर धड लागत नाही. सुरू करायचं कारण एक असतं आणि टिकायचं कारण बऱ्याचदा पार वेगळं असतं. मी सुरुवातीबद्दल लिहितो, पुढचं बाकीचे लिहितीलच.

सुरुवात जवळजवळ नेहमी स्वतःच्या अडचणीतून होते. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनचं प्रकरण तर बऱ्याच जणांना माहीत असेल, एमआयटीच्या प्रयोगशाळेत आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधे त्याने अशी सोय केली होती की कागद अडकला की सगळ्यांना निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला तो बंद सॉफ्टवेअर घेऊन, कागद तसाच अडकायचा पण आता दुरुस्त करायला सोर्स, म्हणजे मूळ कोडच नाही, आणि ज्याच्याकडे सोर्स होता त्या माणसाने गुप्ततेच्या करारामुळे द्यायला नकार दिला. १९८३ मधे त्याने ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला त्यामागे हा राग होता, आणि मला वाटतं हा राग समजून घेतला पाहिजे, कारण समोर दिसतंय काय बिघडलंय, दुरुस्त करायची अक्कल आहे, आणि तरी हात बांधलेले, याच्याइतकं प्रोग्रॅमरला टोचणारं दुसरं काही नसतं. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचं त्या मानाने साधं, हेलसिंकीत विद्यार्थी होता, घरी नवा ३८६ चा पीसी, त्यावर मनासारखी ऑपरेटिंग सिस्टीम पाहिजे होती. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने मिनिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या न्यूजग्रुपवर (इंटरनेटवरच्या चर्चेच्या जागी) लिहिलं तेव्हा त्याचं स्वतःचंच म्हणणं होतं की हा नुसता छंद आहे, ग्नूसारखं मोठं काही होणार नाही. डॅनियल स्टेनबर्गला आयआरसी या इंटरनेटवरच्या गप्पांच्या जागेतल्या बॉटसाठी (आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) चलनाचे दर वेबवरून आणायचे होते, एवढ्यासाठी त्याने एका छोट्या प्रोग्रॅमवर काम सुरू केलं आणि १९९८ पासून आपण त्याला कर्ल म्हणतो, इंटरनेटवरून डेटा आणणारं टूल, आज ते टीव्हीत, गाड्यांत, फोनमधे सगळीकडे आहे.

पण यातले सगळ्यात मनाला भिडणारे प्रकार तंत्रज्ञानाच्या हौशीचे नाहीतच. मायकल करन हा ऑस्ट्रेलियातला अंध प्रोग्रॅमर, विंडोजसाठीचे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्रॅम) इतके महाग की ज्यांना गरज त्यांनाच परवडत नाहीत, म्हणून त्याने २००६ मधे एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर लिहायला घेतला, मग जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. नाइटस्काउट बघ, टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या आईबापांनी उभं केलेलं, मूल शाळेत असताना त्याच्या अंगावरच्या सेन्सरमधली साखर लांबून बघायची सोय कंपनीच्या उपकरणात नव्हती, २०१३ मधे एका बापाने तो डेटा काढून इंटरनेटवर चढवायचा कोड लिहिला आणि मग बाकीचे पालक जोडले गेले. त्या माणसाला तू का केलंस असं विचारायची गरज आहे का?

आता खरा प्रश्न, स्वतःसाठी केलं इथपर्यंत ठीक, पण मग लोकांना का दिलं? यात भलेपणा आहे, नाही म्हणत नाही, पण एक रोखठोक व्यावहारिक कारण आहे जे बाहेरच्यांना दिसत नाही. समज तू एका लायब्ररीत तुझ्यापुरती दुरुस्ती केलीस आणि स्वतःकडेच ठेवलीस. पुढचं रिलीज (नवी आवृत्ती) आलं की ती परत लावायची, त्यांनी ते फंक्शन हलवलं की तुझा पॅच, म्हणजे तो बदल, बसत नाही, परत जुळवायचा, हे दर रिलीजला. त्यापेक्षा मूळ प्रोजेक्टला देऊन टाकलं की तो सांभाळायचा भार सगळ्यांचा झाला. अपाचे हा वेब सर्व्हर (वेबपानं पुरवणारा प्रोग्रॅम) असाच जन्मला, १९९५ च्या सुमाराला एनसीएसए या अमेरिकन संशोधन केंद्राच्या वेब सर्व्हरचं काम थंडावलं होतं आणि जो तो वेबमास्टर आपापले पॅच आपापल्या खिशात घेऊन बसला होता, ते एकत्र आले, पॅच एकत्र केले आणि वर्षभरात जगातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. म्हणजे देणं आणि स्वतःचा फायदा या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी आहेत हे गृहीतकच इथे लागू होत नाही. कोड दिल्याने आपल्याकडचा कमी होत नाही, उलट सांभाळणारे हात वाढतात.

पानफुटी

काकांनी सुरुवात छान मांडली. पण "हौस" या शब्दाला अर्धविराम यांनी जरा घाईत बाद केलं असं मला वाटतं.

यावर अभ्यास झालेले आहेत. करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी सोर्सफोर्ज या ओपन सोर्स प्रकल्पांच्या साइटवरच्या २८७ प्रकल्पांमधल्या ६८४ डेव्हलपरांना विचारलं होतं, ते २००५ मधे प्रसिद्ध झालं. सगळ्यात जोरकस कारण काय निघालं तर या कामात आपण किती सर्जनशील असतो ही भावना. पैसा नाही, नाव नाही. ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की हे काम आयुष्यातल्या सगळ्यात सर्जनशील अनुभवांच्या बरोबरीचं किंवा त्याहून वरचं आहे. आणि यातले साधारण ४० टक्के लोक तर या कामाचे पैसे घेत होते, म्हणजे फुकट करणारे वेडे अशी ही टोळी नव्हतीच. त्याच्या आधी २००२ मधे लर्नर आणि तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी रेझ्युमेवाली बाजू मांडली होती, की कोड उघडा असल्यामुळे आपली कुवत बाहेरच्यांना थेट दिसते आणि पुढे चांगली नोकरी मिळू शकते, ते पण खरंच आहे. पण मला विचाराल तर ते दुसऱ्या नंबरचं.

का ते माझ्या अनुभवातून सांगते. नोकरीत मी काय लिहायचं ते तिकीट (नेमून दिलेलं काम) ठरवतं, कधीपर्यंत ते स्प्रिंट (ठराविक मुदतीचा टप्पा) ठरवतो, आणि चाललं की झालं, मर्ज. मी पहिल्यांदा एका बिल्ड टूलला पॅच पाठवला तेव्हा तो चालत होता, टेस्ट हिरव्या होत्या, मला वाटलं काम झालं. मेंटेनरचा रिव्ह्यू आला, दुरुस्ती बरोबर आहे पण याचे दोन कमिट (बदलाच्या दोन वेगळ्या नोंदी) कर. पहिल्या कमिटमधे फक्त कोडची जागा बदल, वागणं तसंच्या तसं राहू दे, दुसऱ्यात फक्त दुरुस्ती आणि तिची टेस्ट. कारणही लिहिलं होतं, उद्या यातून काही फुटलं आणि कोणी गिट बायसेक्ट (कोणत्या कमिटपासून बिघडलं ते शोधणारी कमांड) चालवलं तर त्याला थेट ती चार ओळींची दुरुस्ती सापडली पाहिजे, दोनशे ओळींचा ढीग नाही. मी कमिट वेगळे केले, मग त्याने एका फंक्शनच्या नावावर विचारलं की हे फक्त तपासतं की बदलतं पण, नावावरून कळत नाहीये. असं तीन फेऱ्या. त्या माणसाला माझ्याकडून काही मिळणार नव्हतं, मी परत येईन याची पण खात्री नव्हती, आणि तरी तो कधीतरी पुढे येणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा वेळ वाचावा म्हणून माझ्याशी इतका नीट बोलत होता. मर्ज झालं तेव्हा मला जे वाटलं ते पगारवाढीच्या पत्राने कधी वाटलेलं नाही हो, अगदी मनापासून सांगते. काम चांगलं करायचंय म्हणून चांगलं करायचं, त्याला वेळ आहे, आणि ते चांगलं झालंय हे कळणारी माणसं समोर आहेत. ही मोकळीक नोकरीत फार थोड्यांना मिळते. मी टिकलेय ती यासाठी.

निळाटर्मिनल

मी दुसऱ्या बाजूचा, मला कंपनी ओपन सोर्सवर काम करायचेच पैसे देते, डेटाबेस ड्रायव्हर आणि आसपासचं. तर आधी एक गैरसमज दूर करतो, लिनक्स कर्नलसारख्या (सिस्टीमच्या गाभ्यासारख्या) मोठ्या प्रकल्पात आज बहुतांश पॅच पगारी लोकांचे असतात, चिप बनवणारे, क्लाउडवाले, फोनवाले सगळे स्वतःची माणसं बसवतात. त्यांना का परवडतं, तर काकांनी सांगितलं तेच, खाजगी पॅच आयुष्यभर वाहून नेण्यापेक्षा मूळ कोडमधे घातलेला स्वस्त पडतो, शिवाय आपलं हार्डवेअर पहिल्या दिवसापासून चालतं.

पण पगार मिळतो म्हणजे प्रेरणा पगाराची असं नसतं. माझ्या टीममधले निम्मे लोक आधी फुकट करायचे, त्यांचं काम बघून कंपनीने घेतलं, आणि ऑफिस सुटल्यावर ते भलत्याच प्रकल्पावर काहीतरी करत बसलेले असतात. पैसा ही जागा मोकळी करून देतो, ओढ आधीपासूनच असते.

उलट बाहेरून चुकीचं आमिष लावलं की काय होतं याची दोन उदाहरणं माझ्या कायम लक्षात आहेत. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम डिजिटलओशन चालवते, ऑक्टोबरमधे चार पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती) केल्या की तेव्हा टीशर्ट मिळायचा, हेतू चांगलाच होता. २०२० मधे त्याचा पूर आला, लोक रीडमी या माहितीच्या फाइलीत एखादा शब्द घुसवून, एखादी रिकामी ओळ टाकून पुल रिक्वेस्ट पाठवायला लागले, मेंटेनर दिवसभर नुसते त्या बंद करत बसले, आणि महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला की ज्या रेपोने (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याने) स्वतःहून होकार दिलाय तिथलंच धरायचं. दुसरं उदाहरण गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या सलग दिवसांच्या आकड्याचं. प्रोफाइलवर किती दिवस खंड न पाडता काम केलं तो आकडा दिसायचा, लोक आजारी असताना, सुट्टीवर असताना केवळ साखळी तुटू नये म्हणून काहीतरी कमिट करायचे. २०१६ मधे त्यांनी तो आकडा काढून टाकला आणि मी म्हणतो फार योग्य केलं. मोजता येण्यासारखी गोष्ट पुढे ठेवली की माणूस तिच्यामागे धावतो, आणि ज्यासाठी आला होता ते मागे पडतं.

म्हणून रेझ्युमेसाठी सुरू करणार असशील तर खुशाल कर, त्यात वाईट काही नाही, मुलाखतीत उपयोग होतो, मी स्वतः उमेदवारांचे रिव्ह्यूमधले संवाद वाचतो, कोडपेक्षा जास्त त्यातून कळतं की हा माणूस मतभेद झाला की कसा बोलतो. पण नुसत्या रेझ्युमेवर आलेला माणूस दुसऱ्या वर्षी दिसत नाही असं माझं निरीक्षण आहे.

शून्यसूची

टिकण्याबद्दल मी लिहितो, कारण मी अर्धविराम यांच्या त्या मेंटेनरसारखाच आहे, छोटं कमांड लाइन टूल आहे, एकट्याने सांभाळतो, आता एक सोबती मिळालाय.

सुरुवातीची मजा वर्षभरात संपते. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. नवीन काही लिहायचं फार थोडं उरतं, राहतं काय तर डिपेन्डन्सी (आपण वापरतो त्या दुसऱ्या लायब्रऱ्या) अपडेट करा, नव्या व्हर्जनवर सीआय (आपोआप चालणाऱ्या टेस्ट) लाल झालंय ते बघा, तोच प्रश्न परत परत आलाय त्याला सभ्यपणे उत्तर द्या, चेंजलॉग (काय बदललं त्याची यादी) लिहा, आणि मधेच एखादा येतो जो म्हणतो तुमच्यामुळे आमचं रिलीज अडकलंय, आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. ज्याने एक पैसा दिलेला नाही, एक ओळ लिहिलेली नाही तो. हे वाचलं की त्या दिवशी लॅपटॉप उघडावासा वाटत नाही.

तरी मी का आहे. माझ्या टूलमधे काम चालू असताना टक्केवारीची पट्टी सरकते ना, ती दर क्षणाला तीच ओळ पुन्हा छापते. एक दिवस इश्यू आला, लिहिणारा अंध होता, त्याचा स्क्रीन रीडर ती प्रत्येक टक्केवारी मोठ्याने वाचत बसायचा, एक टक्का, दोन टक्के, दोन टक्के, तीन टक्के, फाइल मोठी असेल तर मशीनवर दुसरं काही करताच यायचं नाही. त्याने तक्रार केली नव्हती, नुसतं विचारलं होतं की पट्टी बंद करायची काही सोय आहे का. मी एक पर्याय घातला, फक्त सुरू झालं आणि संपलं एवढं सांगणारा, मोजून वीसेक ओळींचं काम. त्याचं उत्तर आलं की आता हे काम तो रोज स्वतःचं स्वतः करतो, आधी सहकाऱ्याला विचारावं लागायचं. ते वाचल्यावर मला कळलं की डाउनलोडचा आकडा म्हणजे माणसं आहेत. तेव्हापासून मला ते टूल माझं वाटतच नाही, त्या लोकांचं वाटतं, मी राखणदार. सोडून जावंसं वाटलं की तो माणूस आठवतो.

पण याच जबाबदारीच्या भावनेचा गैरफायदा पण घेतला जातो हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक्सझेडचं प्रकरण बघा. फाइली दाबून छोट्या करणारी साधी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्समधे असते, आणि सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, पगाराशिवाय. तो थकलेला होता, मेलिंग लिस्टवर त्याने तब्येतीबद्दल आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे हेही लिहिलं होतं. त्या वेळी काही अनोळखी खाती त्याच्या मागे लागली, रिलीज का होत नाहीत, दुसऱ्याच्या हाती द्या, आणि शेजारीच एक मदतनीस हजर होता जो बराच काळ नीट पॅच पाठवून विश्वास कमावत होता. त्याला अधिकार मिळाले आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या रिलीजमधे त्याने मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) घातलं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला एसएसएच (लांबच्या मशीनवर सुरक्षित शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो खोदत गेला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मार्च २०२४ मधे त्याने जाहीर केलं तेव्हा ते अजून लिनक्सच्या मोठ्या स्थिर वितरणांपर्यंत पोचलं नव्हतं. या एका गोष्टीत दोन्ही टोकं आहेत, एकाची निष्ठा थकवून वापरली गेली आणि दुसऱ्याच्या निव्वळ चौकसपणाने सगळे वाचले.

अर्धविराम

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार, शून्यसूची तुमचं वाचून तर काय बोलावं कळेना. एक उपप्रश्न. मग पैसे दिले तर प्रश्न सुटतो का? की टीशर्टसारखं पैशाने पण बिघडतं? आमच्या कंपनीत मी सुचवू शकतो की आपण वापरतो त्या लायब्रऱ्यांना काहीतरी द्या.

कर्नलकाका

सुचव, नक्की सुचव. टीशर्टसाठी पुल रिक्वेस्ट आणि आधीच काम करणाऱ्याला आधार या दोन गोष्टीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पैशामुळे लोक येत नाहीत हे खरं, पण पैशाअभावी लोक जातात हेही तितकंच खरं. ओपनएसएसएल आठव, वेबवरची गुप्त देवाणघेवाण सांभाळणारी लायब्ररी, एप्रिल २०१४ मधे तिच्यातला हार्टब्लीड हा बग बाहेर आला, समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासताच तेवढी मेमरी परत पाठवायची, एका वेळी ६४ केबीपर्यंत, त्यात पासवर्ड असोत नाहीतर खाजगी किल्ल्या. वेबवरचे किती सर्व्हर त्यावर उभे होते, आणि त्या प्रकल्पाला वर्षाला साधारण २००० डॉलर देणगी यायची, पूर्णवेळ माणूस एक. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनमार्फत मोठ्या कंपन्यांनी पैसे उभे केले, तेव्हा कुठे जास्त लोक पूर्णवेळ नेमता आले. तीच माणसं, तीच आवड, पण आता रात्री उरलेल्या वेळात करावं लागत नव्हतं.

आणि पैशाचा मान म्हणून उपयोग कसा होतो ते बघायचं तर डोनल्ड क्नूथ. आपल्या पुस्तकांत चूक शोधून देणाऱ्याला हा संगणकशास्त्रज्ञ स्वतःच्या हाताने २.५६ डॉलरचा चेक लिहून द्यायचा, २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पद्धतीत शंभर, म्हणून हा एक डॉलर. लोक ते चेक वटवायचे नाहीत, फ्रेम करून लावायचे. रक्कम महत्त्वाची नव्हतीच, क्नूथने तुमचं म्हणणं वाचलं, तपासलं आणि तुम्ही बरोबर आहात असं मान्य केलं, ते महत्त्वाचं.

तळटीप

उशिरा आले पण एक बाजू राहिलीय म्हणून लिहिते. मी कोड फार थोडा देते, माझं योगदान दस्तऐवजांचं. एक ग्राफ काढायची लायब्ररी शिकत होते, ट्युटोरियलमधे तिसऱ्या पायरीला एक फाइल वापरलेली आणि ती फाइल कुठून आणायची ते कुठेच नाही. जाणकारांच्या मशीनवर ती असतेच म्हणून त्यांना ते कधी दिसत नाही. मी दोन वाक्यं घातली, मर्ज झाली, नंतर फोरमवर तो प्रश्न यायचा बंद झाला. मग पुढचं पान घेतलं, मग पुढचं. नवीन असणं हीच जमेची बाजू असते, आपल्याला जे अडतं ते जुन्या लोकांना दिसूच शकत नाही, आणि हे डोळे काही महिन्यांतच जातात म्हणून शिकता शिकताच करायचं. मी टिकलेय ती तिथल्या माणसांमुळे, एकमेकांना कधी भेटलेलो नाही पण कोणाची परीक्षा चालू आहे, कोणाला बाळ झालंय सगळं माहीत असतं, आणि एखाद्याचं नाव दोन आठवडे दिसलं नाही तर कोणीतरी विचारतंच.

निळाटर्मिनल

ताईंशी सहमत. अर्धविराम, सुरू करायचंच असेल तर नवीन फीचर घेऊन जाऊ नकोस. जुने उघडे इश्यू वाच, एखादा घे, तो आजच्या व्हर्जनवर अजून होतो का ते करून बघ आणि नेमक्या पायऱ्या लिही. होत नसेल तर तसं लिही, मेंटेनरला बंद करता येतो. यातून कोड वाचून होतो, लोक ओळखायला लागतात, आणि तुला स्वतःला कळतं की यात तुझा जीव रमतो की नाही. कोणाच्या सांगण्यावरून ते कळणार नाही.

अर्धविराम

हे जमण्यासारखं आहे. शेवटचा प्रश्न, नोकरीत असताना असं काम करायला काही अडचण येते का? लॅपटॉप कंपनीचा आहे.

कर्नलकाका

येऊ शकते, म्हणून आधी करार काढून वाच. बऱ्याच करारांत कलम असतं की नोकरीच्या काळात लिहिलेलं, किंवा कंपनीच्या मशीनवर लिहिलेलं, किंवा कंपनीच्या धंद्याशी संबंधित असलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं. तसं असेल तर तो कोड द्यायचा अधिकारच तुझ्याकडे नसतो, आणि प्रकल्पाच्या गळ्यात पण नको ते लोढणं पडतं. मॅनेजरला तोंडी विचारून थांबू नकोस, लेखी परवानगी घे, बऱ्याच कंपन्यांत आता त्यासाठी साधा फॉर्म असतो. स्वतःचं मशीन, स्वतःचा वेळ, स्वतःचा ईमेल ठेव. काही प्रकल्प योगदानाचा करार सही करून मागतात, आणि कर्नलसारखे २००४ पासून प्रत्येक कमिटखाली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ मागतात, त्या ओळीचा अर्थ हाच की हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. गिट कमिटला मायनस एस लावलं की ती ओळ आपोआप येते, पण परवानगी हातात आल्यावरच लाव.